बे दाहे कोडी

विसाजीपंत पंतोजींच्या बोळात वीस हा आकडा नव्हता. एकोणीस होता, एकवीस होता, आणि दोहोंच्या मध्ये कोडी होती. तांबोळी वीस पानं मोजून बाजूला ठेवतो आणि 'एक कोडी झाली' म्हणतो, ती कोडी. सदाशिव पेठेतल्या हौदापासून जरा आत वळलं, की तिथलं शेंबडं पोरसुद्धा 'चार पंचे कोडी' म्हणायचं, आणि बाहेरच्या कुणी 'वीस' म्हणून सुधारलंच तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहायचं. ही करणी पंतोजींची नव्हे, त्यांच्या बायकोची. पंतोजी बिचारे जन्मभर या कोडीशी भांडले आणि जन्मभर हरले.

कारण साधं होतं. नवऱ्याचं नाव विसाजी. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे पुण्यातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक. इतर बायका नाव टाळून मोकळ्या व्हायच्या. सत्यभामाबाईंनी नावात लपलेला आकडाही टाळला. आकडा टाळून एखादी बाई सुखानं संसार करू शकते, त्यात अडचण काही नाही. पण भामाबाई रोज दिवेलागणीला बोळातल्या पोरांचा परवचा घेत असत, आणि परवच्यात पाढे असतात.

दिवसा ओसरीवर पंतोजींची शाळा भरे. धूळपाटीवर मोडी अक्षरं गिरवायची, चुकलं की छडी. संध्याकाळी पंतोजी पुराणाला जात आणि त्याच ओसरीवर दुसरं राज्य सुरू होई. कोनाड्यात दिवा, माजघराच्या उंबरठ्यावर भामाबाई, आणि समोर मुलांच्या जोडीला मुलीही. दिव्यापुढं पाढे म्हणायला मुलींना कुणी मना करत नव्हतं. त्यालाच कुणी शाळा म्हटलं असतं, तर बोळानं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. बाईंनी कधी शाळा म्हटलं नाही, आणि बोळातल्या मुली हिशोबाला पक्क्या झाल्या.

बाईंच्या हातात छडी नसे. पोर चुकलं की त्या एकच शब्द म्हणायच्या. 'पुन्हा.' रागानं नाही आणि लाडानंही नाही. तिसऱ्यांदा चुकलं तरी तोच शब्द, त्याच आवाजात. छडीला पोरं निर्ढावतात, या शब्दाला निर्ढावलेलं पोर कुणी पाहिलं नाही.

"अगं, पाढ्यातला वीस म्हणजे मी नव्हे," पंतोजींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी समजावलं होतं.

"नसाल. पण वरचा चित्रगुप्त बसलाय हिशोब मांडत. चुकून तुमच्या खाती मांडला तर?"

"मग एकवीस कसा चालतो?"

"त्याच्या पुढं एक लागला. तो दुसरा कुणी. त्याच्या आयुष्याची काळजी त्याची बायको करील."

पंतोजी दिवसा पोरांकडून छडीच्या धाकानं 'बे दाहे वीस' घोटून घ्यायचे, संध्याकाळी तीच पोरं खुशाल 'बे दाहे कोडी' म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी. पुढं त्यांतली काही मोठी होऊन सरकारी फडात कारकून झाली. तिथं एखाद्याच्या तोंडून हिशोब वाचताना 'कोडी' निसटली, की शेजारचा बैठकीवरून मान वर न करता म्हणायचा, "भामाबाईंचे वाटतं आपण." पंतोजींना हे कुणीतरी सांगितलं तेव्हा ते दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. इतकी वर्षं शाळा त्यांनी चालवली, आणि नाव झालं उंबरठ्याचं.

त्याच भामाबाई आता नव्हत्या. दंगा होऊन शहर लुटलं गेलं, मागोमाग दुष्काळ पडला, आणि दुष्काळ सरता सरता जो ताप आला त्यानं माघातल्या एका पहाटे त्यांना नेलं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. बोळ सावरला, बाजार सावरला, पंतोजींची शाळाही पुन्हा भरू लागली. परवचा मात्र बंद पडला. पोरं आपापल्या घरी पाढे म्हणत, आणि घरोघरी पुन्हा वीस झाला. सुंठीवाचून खोकला गेला, असं पंतोजींना वाटायला हवं होतं.

तसं वाटलं नाही. त्यांना एक वेगळंच दुखणं लागलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायकोचा आवाज त्यांना आठवेनासा झाला होता.

चेहरा आठवे. कपाळावरचा देवीचा वण आठवे. दोन मुलगे देवीतच गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसलेली तिची पाठ आठवे. तिचे शब्दही आठवत, चित्रगुप्ताचे, कोडीचे, अगदी जसेच्या तसे. पण ते शब्द पंतोजींच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू येत. ज्या आवाजावर उभा संसार झाला तो कानातून पुसून गेला होता. ते पुराणाला जाईनासे झाले. दिवेलागणीला ओसरीवर बसत, डोळे मिटून तिचं 'पुन्हा' आठवू पाहत. आवाज येत नसे. मग शेजारी कुणीतरी भांडं आपटी आणि ते उठत.

शेवटच्या रात्रीचं तर सगळं आठवे, फक्त मुकं. तापात ती पोरांना घेऊन बसल्यासारखी पाढा म्हणत होती. बे एके बे, बे दुणे चार, करत करत 'बे दाहे'पाशी आली आणि अडली. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. भ्रमातसुद्धा ती वीस म्हणेना, आणि कोडी तिला आठवेना. पंतोजींना ते बघवलं नाही. ज्या शब्दासाठी त्यांनी पोरांच्या हातावर वळ उठवले होते तो त्यांनी वाकून तिच्या कानात सांगितला. "कोडी." तिनं मान हलवली आणि मग ती स्वस्थ झाली.

तिनं त्यांचं आयुष्य असं आकड्या-आकड्यानं राखलं होतं. नवऱ्यानं बायकोचं नाव घेतल्यानं बायकोचं काही कमी होतं, असं कुठलंच शास्त्र सांगत नाही. म्हणजे पंतोजी तिला नावानं हाक मारायला मोकळे होते. ते 'अगं'च्या पुढं कधी गेले नाहीत. आता एकटे असताना ते 'सत्यभामा' असं म्हणून पाहत, आणि आपल्याच घरात चोरून बोलल्यासारखं त्यांना होई.

एक वाट उरली होती. लेकीचा आवाज आईचा होता. कृष्णी वाईला दिली होती, त्रिंबक नावाच्या एका भल्या माणसाला. माहेरी आली की ती आतून बोलली तरी पंतोजी 'अगं' म्हणून उत्तर द्यायचे आणि मायलेकी हसायच्या. कृष्णीचं लग्न ठरलं तेव्हा भामाबाईंनी कपाळाला हात लावला होता. "माझा एक आकडा गेला, पोरी. तुझा तर पाढ्यापाढ्यातला 'त्रिक' गेला. बे त्रिक, तीन त्रिक, सगळीकडे जावई!" मग आईनंच तोड काढली. त्रिक म्हणायचं नाही, 'तीनदा' म्हणायचं. बे तीनदा सहा. कृष्णी लग्नाच्या दिवसापासून तीनदा म्हणू लागली.

भाद्रपद आला. वद्य नवमी म्हणजे अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी एका सवाष्णीला बोलावून जेवू घालतात, तिची ओटी भरतात. गेलेली बाई तिच्या तोंडी जेवते. नवरा जिवंत आहे तोवरच ही नवमी. तो गेला, की तिची वेगळी तिथी संपली. गेल्या साली भामाबाईंचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून ही पहिलीच. पंतोजींनी महिनाभर आधी वाईकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला: कृष्णीनं नवमीला यावं, आईच्या पानावर तिनंच बसावं. चिंतोभट म्हणाले, लेक चालते, ती परक्या गोत्राची झाली. पंतोजींनी हिरव्या बांगड्या आणल्या, खण आणला. तिला नवमीनंतर चार दिवस ठेवून घ्यायचं आणि संध्याकाळी ओसरीवर बसवून बोलतं करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. उत्तर आलं नाही, पण लेक येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. दुसरी सवाष्ण त्यांनी सांगूनच ठेवली नाही.

नवमीच्या सकाळी ते सोवळ्यात चुलीपुढं होते. खीर खाली लागली होती आणि ती लागली आहे हे त्यांना कळलंही नव्हतं. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला तसे ते तसेच, हातात पळी घेऊन, बाहेर धावले.

गाडीतून कृष्णी उतरली. तिच्या अंगावर तांबडं आलवण होतं आणि ते डोक्यावरून पुढं ओढलेलं होतं. कपाळ मोकळं होतं. हात मोकळे होते.

"दादा आषाढात गेला," तिच्या धाकट्या दिरानं बोचकं ओट्यावर ठेवत सांगितलं. "तापाचं निमित्त झालं. आम्ही निरोप धाडला होता."

"पोचला नाही," पंतोजी म्हणाले. "माझा पोचला?"

"नवमीचा? पोचला. म्हणून तर म्हटलं, आता घेऊनच जावं." तो जरा घुटमळला. "घरात खाणारी तोंडं फार. आता इथंच असू द्या." पाणीही न घेता तो गाडीत बसला.

पंतोजींच्या हातातल्या पळीतून खिरीचे थेंब उंबऱ्यावर पडत होते. त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

थोड्या वेळानं चिंतोभट आले. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. वाईट माणूस नव्हता तो. क्षणभर त्यांनाही बसावं लागलं. मग त्यांनी सावरून सांगितलं, "दिवस होऊन गेलेत, आता स्नान करा म्हणजे झालं. नवमी चुकवू नका. सवाष्ण मी बघतो. शनिवार पेठेतली शकू आहे ना, तुमच्याच बोळातली लेक." ते दारापाशी जाऊन थांबले. "पंत, पानं वाढण्याआधी कृष्णाबाईंना जरा मागल्या पडवीत... आजच्या दिवशी सवाष्णीच्या समोर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. अर्धवट बोलणाऱ्या पोरांना फोडून काढणाऱ्या पंतोजींनीही ते पुरं करायला सांगितलं नाही. कृष्णी आपणहून उठली आणि मागं गेली. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

शकू आली ती पदर खोचूनच. लहानपणी ती आणि कृष्णी परवच्याला मांडीला मांडी लावून बसत. आता ती चांगली भरल्या घरची सून होती, पण जीभ तीच होती.

"एरवी कधी आठवण झाली नाही पंतोजी. सवाष्ण कमी पडली तेव्हा झाली," ती हात धुता धुता म्हणाली. मग तिनं घराच्या आतवर नजर फिरवली. "वाटेत भटजींनी सांगितलं. कुठं आहे ती?"

पंतोजींनी पडवीकडे पाहिलं.

शकू पानावर बसली. चिंतोभटांनी संकल्प सांगितला. पंतोजींनी कृष्णीसाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या शकूच्या हातात गेल्या, कृष्णीसाठी आणलेला खण तिच्या ओटीत गेला. तिनं चार घास खाल्ले, करपलेली खीर काही न बोलता संपवली.

"भटजी, आज काकू माझ्या तोंडी जेवल्या ना?"

"हो, हो. तृप्त झाल्या."

"काकू लेकीला पडवीत बसवून तृप्त झाल्या?"

"शास्त्र आहे बाई ते."

"असेल. काकूंना ते ठाऊक नसावं," शकू म्हणाली आणि आंचवून, ओटी सावरत, सरळ पडवीत गेली. चिंतोभट 'अहो, अहो' करत राहिले. बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "बोलत नाही ती, पंतोजी. मी इतकं बोलले. दगडासारखी बसलीय. तिला आवाजच राहिला नाही बघा." पदरानं तोंड पुसत ती निघून गेली.

पंतोजी ओसरीवर येऊन भिंतीला टेकले. जावई गेल्याचं दुःख होतं, लेकीचं होतं, आणि त्याच्या तळाशी आणखी एक होतं ज्याची त्यांना लाज वाटत होती. लेकीचं कपाळ उजाड झालं आणि आपण आवाजासाठी झुरतो आहोत. पण झुरत होते हे खरं. दोन बायकांचा मिळून एक आवाज होता, आणि तोही आज संपला, असं त्यांना वाटलं.

दिवेलागण झाली. बोळात तिन्हीसांजेचा धूर उतरला. पंतोजींनी कोनाड्यात दिवा लावला. आतला अंधार त्यांना सोसवेना. काहीतरी बोलायला हवं होतं आणि लेकीशी काय बोलावं ते येत नव्हतं. जन्मभर पोरांना शिकवलेल्या माणसाला एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी सुरू केली. परवचा त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता.

"बे एके बे," ते रिकाम्या ओसरीला म्हणाले. "बे दुणे चार."

पुढं ते अडले. शेजारच्या पायरीवर खेळणारी पोरं थांबून बघू लागली.

"बे त्रिक सहा."

आवाज आतून आला होता. तोच आवाज. तोच, किंचित खालच्या पट्टीतला, शेवटच्या अक्षरावर घाई न करणारा. दीड वर्षं कानात नसलेला तो आवाज माजघरातून चालत आला आणि उंबरठ्यावर, भामाबाई बसायच्या नेमक्या त्याच जागी, बसला. आलवणाआडचा चेहरा दिव्यात नीट दिसत नव्हता. पंतोजींना तो पाहायचाही नव्हता.

मग त्यांच्या ध्यानात आलं. ती तीनदा म्हणाली नव्हती. त्रिक म्हणाली होती.

"बारा वर्षं टाळलं, आबा," कृष्णी म्हणाली. "एकदा चुकले नाही. भाजीवालीशी बोलताना नाही, झोपेत बरळतानासुद्धा नाही. ते तापात होते तेव्हा तर जीभ दातांखाली धरून बसायची. काय झालं?"

पंतोजींनी दिव्याची वात उगाच सारखी केली. आभाळच फाटलं तिथं ठिगळ कुठं लावणार?

"आता कुणासाठी टाळायचं?" ती म्हणाली, आणि पुढं म्हणू लागली. "बे चोक आठ. बे पंचे दहा."

पायरीवरची पोरं सवयीनं जवळ सरकली होती. त्यांनी तिच्यामागं सूर लावला. दोन मुलीही येऊन दाराशी टेकल्या. बे सक बारा. बे साते चौदा. पंतोजी एकेक ओळ मोजत ऐकत होते. पाढा कुठं निघाला आहे ते त्यांना माहीत होतं. नाव टाळून माणूस वाचत नाही, हे या पोरीला आता पुरतं कळलं होतं. ती वीस म्हणेल. का म्हणू नये? तिच्या बापानंच आयुष्यभर सांगितलं होतं, की पाढ्यातला वीस म्हणजे वीस. त्यांचंच खरं ठरलं होतं, आणि ते खरं ठरू नये म्हणून विसाजीपंत पंचा मुठीत धरून बसले होते.

बे आठे सोळा. बे नवे अठरा.

"बे दाहे," कृष्णी म्हणाली आणि थांबली.

"वीस!" पोरांनी ठणकावून सांगितलं.

"वीस नाही," ती म्हणाली. "कोडी."

"का?" एका मुलीनं विचारलं. "आमच्या घरी तर वीस म्हणतात."

"तुमच्या घरी म्हणा. इथं नाही म्हणायचं. आबा बसलेत ना समोर." तिनं बापाकडे पाहिलं नाही. "उपयोग होतो न होतो, आईनं कधी विचारलं नव्हतं."

पोरांना त्यातलं काही कळलं नाही. पण पोरं शहाणी होती. त्यांनी एका सुरात म्हटलं, "बे दाहे कोडी." पंतोजींनीही म्हणायला तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शब्द असा फुटका निघाला, की बे कळलं ना कोडी.

उंबरठ्यावरून भामाबाईंचा आवाज आला. रागानं नाही आणि लाडानंही नाही.

"पुन्हा."

विसाजीपंतांनी नाक पुसलं, ते मांडी घालून पोरांच्या ओळीत सरकले, आणि त्यांनी पुन्हा म्हटलं.